पार्श्वभूमी : ‘तुझ्यासारखी बाहुली कोणती?’

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलींना लहानपणीच आपला रंग, आपले केस नकोसे का होतात, या प्रश्नाचा माग काढताना मानसशास्त्रज्ञ मेमी फिप्स क्लार्क यांच्यापाशी थांबावंच लागतं. १९१७ साली आर्कान्सॉ राज्यात जन्मलेल्या मेमी स्वतः फक्त काळ्या मुलांसाठी असलेल्या शाळांत शिकल्या होत्या. हॉवर्ड विद्यापीठात एम.ए. करताना त्यांनी विषय घेतला : शाळेआधीच्या वयातल्या कृष्णवर्णीय मुलांना ‘मी कोण’ हे कसं उमगतं. त्यांचे पती केनेथ या कामात नंतर आले. नाव मात्र केनेथ यांचंच जास्त झालं, आणि हा मेमींवर अन्यायच आहे.

१९४०च्या दशकात दोघांनी ३ ते ७ वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलामुलींसमोर चार बाहुल्या ठेवल्या. दोन गोऱ्या, दोन तपकिरी. कातडीचा आणि केसांचा रंग सोडला तर सगळ्या सारख्या. खेळायला कोणती हवी? सुमारे दोन तृतीयांश मुलांनी गोरी उचलली. वाईट कोणती दिसते? निम्म्याहून जास्त मुलांनी तपकिरी दाखवली. मग शेवटी विचारलं, ‘तुझ्यासारखी कोणती?’ जिला आत्ताच वाईट ठरवलं, तिच्याकडेच बोट दाखवायचं होतं. काही मुलं रडली, काही खोलीतून पळून गेली.

१९५४ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवलं, तेव्हा निकालाच्या अकराव्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा आधार होता. पण एक गोष्ट बाजूला राहिली. बाहुल्या दाखवलेल्या मुलांपैकी ११९ मुलं उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली, काळी-गोरी मुलं एकत्र शिकत अशा मिश्र शाळांत जाणारी होती, आणि गोऱ्या बाहुलीची ओढ त्यांच्यात किंचित जास्तच दिसली. म्हणजे हा न्यूनगंड फक्त वेगळ्या शाळेतून येत नव्हता. दुकानातल्या बाहुल्या, जाहिरातींतले चेहरे, केस सरळ करायला तापवलेला लोखंडी कंगवा, हे सगळं मुलींच्या रोजच्या जगण्यात होतंच.

शाळा एक झाल्यावरही वेण्या किंवा आफ्रो (मूळचे कुरळे केस गोलाकार फुलवून ठेवणं) ‘नियमात बसत नाही’ म्हणून मुलींना अडवलं जात राहिलं. नैसर्गिक केसांवरून होणारा असा भेदभाव रोखणारा राज्यस्तरावरचा पहिला कायदा कॅलिफोर्नियाने केला, तोही २०१९मध्ये. त्याआधी दोन वर्षं जॉर्जटाउन विद्यापीठाच्या अहवालात दिसलं होतं, की प्रौढांना कृष्णवर्णीय मुली पाचव्या वर्षापासूनच गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस वाटतात. त्यांना माया आणि आधार कमी लागतो, असं समजलं जातं. बाहुल्यांसमोर बसलेली बहुतेक मुलंही पाच ते सात वर्षांचीच होती.