लाल थेंब कुणाचे: गिअरबॉक्सचे की स्टिअरिंगचे?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत पार्किंगची फरशी पांढुरकी आहे. कुणाची गाडी काय गाळते ते अख्ख्या बिल्डिंगला कळतं. गेल्या डिसेंबरात एका सकाळी पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "अहो, तुमच्या गाडीतून कुंकू सांडतंय का?" खाली जाऊन पाहिलं तर खरंच लालबुंद, तेलकट थेंब.

गाडी वीस वर्षांची, ऑटोमॅटिक. गॅरेजवाल्याने बोट लावलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला, "लाल म्हणजे गिअरबॉक्स ऑइल. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." त्याने सांगितलेला आकडा लिहीत नाही, विकायला काढली असती तर गाडीचे तेवढे आले नसते. शेवटी ते तेल निघालं पॉवर स्टिअरिंगचं.

त्याची चूक अगदीच अडाणीपणाची नव्हती. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात, म्हणजे एटीएफमध्ये, लाल रंग मुद्दाम घातलेला असतो, इंजिन ऑइलपासून वेगळं दिसावं म्हणून. पण हेच तेल पातळ असतं, थंडीत घट्ट होत नाही, फेस धरत नाही, त्यामुळे बऱ्याच गाड्यांच्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) स्टिअरिंगलाही चालतं. टोयोटाच्या जुन्या कोरोलाचं मॅन्युअल उघडून बघा, स्टिअरिंगच्या तेलाच्या डबीतही डेक्सरॉन 2 किंवा 3 घाला असं लिहिलेलं आहे, आणि डेक्सरॉन हे जनरल मोटर्सचं एटीएफचं नाव. दोन्हीकडे एकच तेल असेल तर बोटावर चोळून काय डोंबल कळणार? (गाडीचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक असेल तर प्रश्नच मिटला, त्यात तेल नसतंच. हल्लीच्या बहुतेक गाड्या तशाच आहेत.)

टोयोटाचं कूलंटही (इंजिन गार ठेवणारं द्रव) लाल किंवा गुलाबी असतं, तेवढं आधी बाजूला काढा. एक थेंब टिश्यू पेपरवर घ्या. तेलाचा डाग पसरतो आणि दुसऱ्या दिवशीही तेलकट राहतो. कूलंट पाण्यासारखं, हात धुतला की गेलं. चाखून बघायच्या भानगडीत पडू नका, ते विषारी असतं. फरशीवरचं कूलंट मांजरं-कुत्री चाटतात, म्हणून लगेच धुऊन टाका.

आता राहिले दोघे. डाग कुठे पडला हे सगळे बघतात. मी आता आधी बघतो तो कधी पडला.

बंद गाडीच्या गिअरबॉक्समध्ये एक गंमत होते. इंजिन चालू असताना बरंच तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि कूलरच्या पाइपांत फिरत असतं. गाडी उभी राहिली की त्यातलं काही हळूहळू खालच्या पॅनमध्ये उतरतं आणि तिथली पातळी चढते. त्यामुळे पॅनचं गास्केट किंवा एक्सलचं सील गेलं असेल तर ते रात्रभर निवांत गळतं. कडाक्याच्या थंडीत जुनं रबर आणखी ताठर होतं, गाडी तापली की गळती थांबल्यासारखी वाटते.

स्टिअरिंगचा स्वभाव उलटा. पंप फिरतो तो इंजिन चालू असताना, आणि चाक शेवटपर्यंत वळवून धरलं की पाइपातला दाब 70-80 बारच्या घरात जातो. टायरच्या हवेच्या तीसपट तरी धरा. पाइपाचा प्रेस केलेला जोड किंवा रॅकचं (चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याचं) सील गेलं असेल तर तेल तिथून नेमकं तेव्हाच सुटतं.

माझी जागा खांबाच्या मागे आहे. आत शिरायला तीनदा मागेपुढे करावं लागतं, दरवेळी स्टिअरिंग पूर्ण वळवून. रात्री गाडी लावल्यावर मी खाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवला. सकाळी त्याच्यावर फक्त दोन थेंब. बाकीचे थेंब गाडी वळते त्या वाटेवर, अर्धगोलात, रांगोळीचे ठिपके द्यावेत तसे. गिअरबॉक्स गळत असता तर पुठ्ठ्यावर थारोळं दिसलं असतं.

जागेचा पुरावाही आहे, पण तो फसवा. आडव्या इंजिनाच्या बहुतेक जपानी-कोरियन गाड्यांत बेल्ट आणि स्टिअरिंगचा पंप आपल्याकडच्या ड्रायव्हरच्या बाजूला, गिअरबॉक्स डावीकडे. आपल्याकडच्या पहिल्या होंडा सिटीत हेच उलटं. शिवाय रॅक इंजिनामागे आडवा पसरलेला, आणि चालत्या गाडीत वारा तेल मागे ढकलतो, त्यामुळे ठिबकतं एकीकडे आणि मूळ दुसरीकडे. रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून बघा. आत तेल खुळखुळलं तर रॅकचं सील गेलंय.

पुठ्ठ्यापेक्षाही सोपं म्हणजे पातळी. गाडी गार असताना स्टिअरिंगच्या डबीवर स्केच पेनाने रेघ मारा आणि आठवडाभर गाडी चालवा. सगळ्या स्टिअरिंगमध्ये मिळून तेल असतं लिटरभर, त्यामुळे पावशेर गेलं तरी रेघेखाली लगेच दिसतं. गिअरबॉक्सचं तेल सहा-आठ लिटर, तिथे तेवढा फरक डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) नीट वाचावा लागतो: गाडी सपाटीवर, गरम, इंजिन चालू, सगळे गिअर एकदा फिरवून पी (पार्क) मध्ये. होंडाची रीत निराळी, इंजिन बंद करून दीड मिनिटाच्या आत बघायचं. डिपस्टिकच नसेल तर ते काम गॅरेजचं.

तेल कमी झालं की दोघांचं रडगाणंही वेगळं. स्टिअरिंग वळवताना कण्हतं, डबीत फेस येतो, चाक जड होतं. गिअरबॉक्स डी टाकल्यावर क्षणभर विचार करतो, मग धक्का देतो. कात्रजच्या चढावर आरपीएम चढतात आणि गाडी मात्र रेंगाळते. असं झालं तर पुढे दामटू नका, टो करून न्या. तेल कमी असताना आतल्या क्लच प्लेट जळतात आणि मग खरंच गिअरबॉक्स उतरतो. स्टिअरिंगमध्ये फार तर पंप जातो.

इतकं करूनही शंका उरली तर अंडरबॉडी धुऊन, पुसून, कोरडी करून संशयित जोडांवर टाल्कम पावडर मारा आणि चक्कर मारून या. मी तेच केलं. पंपाजवळच्या पाइपाच्या जोडावर पांढऱ्या पावडरीत गुलाबी ओघळ स्पष्ट दिसला. पाइप काढून नाना पेठेत नेला, तिथे त्याच मापाचा मिळाला.

तेल मात्र दुकानदाराच्या "लाल म्हणजे लाल, चालतं हो सगळं" यावर घेऊ नका. होंडाच्या स्टिअरिंगला त्यांचंच तेल लागतं, एटीएफ नाही. आणि ब्रेक ऑइल चुकून यातल्या कशातही पडलं तर सीलं फुगून बसतात. मी मॅन्युअलच्या पानाचा फोटो घेऊन गेलो होतो.

फरशीवरचे डाग धुण्याच्या सोड्याने निम्मे गेले. उरलेल्यांसाठी सोसायटीच्या फळ्यावर पाटी लागली आहे: "तेल गाळणाऱ्या वाहनांनी स्वतःचे पुठ्ठे आणावेत."