मेंदूविषयक संशोधनासाठी सरकारी निधी : अर्ज नेमका कुठे अडतो

मेंदूवरच्या संशोधनाचा प्रस्ताव परत आला की अर्जदाराला वाटतं, आपल्या विषयातच दम नव्हता. संशोधन कक्षात बसून असे परत आलेले प्रस्ताव वाचले की बहुतेकदा निराळंच दिसतं. विषय चांगला असतो, पद्धतही बरी असते, घोडं अडलेलं असतं एखाद्या पत्रापाशी. डिमेन्शिया, पक्षाघात, स्किझोफ्रेनिया अशा विषयांवर काम करणाऱ्यांना याचा त्रास जास्त होतो, कारण त्यांच्या काही रुग्णांना स्वतः संमती देता येत नाही आणि त्यांच्या वतीने कोण संमती देणार हे कागदावर दाखवावं लागतं. म्हणून फॉर्म कसा भरायचा हे इथे थोडक्यात सांगतो आणि फॉर्म उघडण्याआधी हातात काय असायला हवं ते सविस्तर.

पैसे कोणाकडे मागायचे

केंद्र सरकारचे मुख्य दरवाजे चार. रुग्ण, रोगाचं प्रमाण, उपचार, पुनर्वसन असं काही असेल तर आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. तिच्या एक्स्ट्राम्युरल (बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांसाठीच्या) योजनेत अलीकडे साधारण दोन कोटी रुपयांपर्यंतचं लहान अनुदान आणि त्यावर आठ कोटींपर्यंतचं मध्यम अनुदान अशी विभागणी असते. पेशी, जनुकं, रेणू यांच्या पातळीवरचं काम असेल तर जैवतंत्रज्ञान विभाग, म्हणजे डीबीटी. स्मृती, भाषा, अवधान, निर्णयप्रक्रिया यांचा अभ्यास असेल तर डीएसटीचा, म्हणजे विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा, 2008 पासून चालू असलेला कॉग्निटिव्ह सायन्स रिसर्च इनिशिएटिव्ह. आणि मूलभूत विज्ञानासाठी एएनआरएफ, म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. 2023 च्या कायद्याने ही संस्था आली आणि जुनं एसईआरबी, म्हणजे सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड, तिच्यात विलीन झालं. ‘एसईआरबीचा कॉल (प्रस्ताव मागवणारी जाहिरात) अजून का निघाला नाही’ असं विचारत जुन्या पोर्टलवर ताटकळणारे लोक आजही भेटतात.

दरवाजा चुकला तर प्रस्ताव वाचलासुद्धा जात नाही. पक्षाघातानंतर रुग्णाची बोलण्याची क्षमता कशी परत येते, हा विषय आयसीएमआरकडेही बसतो आणि डीएसटीकडेही. पण आयसीएमआरला त्यातून रुग्णाच्या उपचारात काय बदलणार हे हवं असतं, तर डीएसटीला भाषेची मेंदूतली यंत्रणा. एकच मसुदा दोन्हीकडे धाडू नका. प्रस्ताव इतरत्र दिला आहे का, हे बहुतेक फॉर्ममध्ये लिहून द्यावं लागतं, आणि तिथे खोटं लिहिलेलं पुढे फार महाग पडतं.

पात्रता

मुख्य संशोधक, म्हणजे पीआय, सहसा नियमित पदावर असावा लागतो. कंत्राटी सहायक प्राध्यापकांचे अर्ज इथेच गळतात. बहुतेक महाविद्यालयांमध्ये काम तीच मुलं करतात, हे माहीत असल्यामुळे त्याचं वाईट वाटतं. अशा वेळी नियमित पदावरच्या सहकाऱ्याला पीआय करून स्वतः को-पीआय (सहसंशोधक) व्हावं. किंवा पीएचडी झाली असेल तर एएनआरएफची नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप पाहावी. तिची वयोमर्यादा 35 वर्षं आहे, महिला आणि आरक्षित प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत मिळते. वय कोणत्या तारखेला मोजणार हे कॉलमध्ये शोधा. अर्ज भरायला बसलात त्या दिवसाचं वय कुणी विचारत नाही.

उलट टोकाला ज्येष्ठ प्राध्यापक असतात. प्रकल्प तीन वर्षांचा आणि निवृत्ती दोन वर्षांवर, असं असेल तर प्रकल्प पुढे कोण सांभाळणार याचं संस्थेचं पत्र आधीच जोडा. न विचारता जोडलेलं हे पत्र छाननीत मोठी शंका मिटवतं.

खासगी ट्रस्टचं रुग्णालय किंवा स्वयंसेवी संस्था असेल तर डीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची, मान्यता लागते, आणि त्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली नसावी. मुदत संपलेलं प्रमाणपत्र स्कॅन करून बिनधास्त जोडणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. स्वयंसेवी संस्थांना एनजीओ दर्पण या सरकारी नोंदणी-पोर्टलवरचा क्रमांकही काढून ठेवावा लागतो. संस्थाप्रमुखाच्या पत्रावर विभागप्रमुखाची सही चालत नाही. डीन, संचालक किंवा कुलसचिव यांच्यापैकी ज्याला अधिकार आहे त्याचीच सही, शिक्का आणि तारीख लागते.

जो कागद कुणाकडेच नसतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये झाला आणि मे 2018 पासून लागू झाला. मेंदूवर काम करणारे अनेक डॉक्टर तो मनोविकारतज्ज्ञांचा कायदा समजून बाजूला ठेवतात. पण त्यातली मानसिक आजाराची व्याख्या वाचा. विचार, मनःस्थिती, आकलन यांच्या जोडीने स्थळकाळाचं भान आणि स्मरणशक्ती यांतला गंभीर बिघाडही तिच्यात आहे. म्हणजे डिमेन्शियाचा रुग्ण तिथे येऊ शकतो.

आता कलम 99. रुग्ण स्वतः समजून-उमजून संमती देऊ शकत नाही, पण सहभागाला विरोधही करत नाही, आणि संशोधनात त्याच्यावर मानसिक, शारीरिक, रासायनिक किंवा औषधी स्वरूपाचा काही प्रयोग व्हायचा आहे, अशा वेळी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. मुलीची सही, मुलाची सही, एथिक्स कमिटीचं (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीचं) पत्र, हे सगळं असलं तरी ही परवानगी वेगळी. प्राधिकरण रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (कायद्याप्रमाणे त्याच्या वतीने नेमलेल्या माणसाच्या) संमतीवर परवानगी देऊ शकतं, पण त्याआधी काही गोष्टी पटवून द्याव्या लागतात. हेच संशोधन संमती देऊ शकणाऱ्या रुग्णांवर का होऊ शकत नाही, हा त्यातला सगळ्यात अवघड मुद्दा. ‘आमच्याकडे तसे रुग्ण येतात’ हे त्याचं उत्तर नव्हे. आजाराच्या उशिराच्या टप्प्यातच दिसणारं लक्षण तपासायचं आहे, असं काही ठोस कारण लागतं.

एक उदाहरण घ्या. डिमेन्शिया झालेल्या आजींना संगीतोपचार देऊन त्यांची अस्वस्थता कमी होते का, हे पाहायचं आहे. संशोधकाला वाटतं, गाणं ऐकवण्यात कसला आलाय धोका! पण गाणं हाही मानसिक स्वरूपाचा प्रयोगच आहे. संमतीपत्रावर आजींचा अंगठा, खाली मुलाची सही, आणि त्या दिवशी आजींना किती कळत होतं याची कुठेच नोंद नाही. छाननी करणारा नेमका तिथेच पेन ठेवतो. म्हणून संमती-क्षमता कोण तपासणार, कोणत्या पद्धतीने तपासणार, मधल्या काळात ती क्षमता खालावली तर काय करणार आणि आजींनी मान फिरवली किंवा हात झटकला तर तो नकार धरणार की नाही, हे प्रस्तावातच लिहा. कायद्याने संमती कधीही मागे घेता येते. ज्याला शब्दांत नकार देता येत नाही त्याचा नकार ओळखायची जबाबदारी आपली आहे.

इथे घाबरून जाऊ नका. केवळ जुने केसपेपर वाचून होणाऱ्या अभ्यासाला, रुग्णाची ओळख गुप्त ठेवण्याच्या अटीवर, हेच कलम मोकळीक देतं. अपस्मार किंवा पार्किन्सन्सच्या ज्या रुग्णाची समज शाबूत आहे, तो स्वतःच सही करतो. त्याला विनाकारण दुबळा ठरवून मुलाची सही घेणं हाही अपमानच. प्रत्येक रुग्णगटासाठी कोणती वाट, हे प्रस्तावात अर्ध्या पानात लिहा. आयसीएमआरची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं शेजारी ठेवून लिहिलंत तर बरंच सोपं जाईल.

एथिक्स कमिटीचं पत्र

एथिक्स कमिटी आहे, एवढं पुरेसं नाही. ती नोंदलेली असायला हवी, आणि नोंदणी दोन ठिकाणी असते. औषधांच्या क्लिनिकल ट्रायलसाठी सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे, आणि इतर आरोग्य संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे. नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलच्या 2019 च्या नियमांपासून ही विभागणी झाली. आमची कमिटी सीडीएससीओकडे नोंदलेली आहे, मग आणखी काय हवं, असं महाविद्यालयं म्हणतात आणि अर्जदार मधल्यामध्ये भरडला जातो. हंगामी नोंदणी दोन वर्षांची असते, पक्की पाच वर्षांची. तुमच्या कमिटीची कोणती आणि कधीपर्यंतची, हे सचिवांना आजच विचारा.

पत्र हातात आलं की प्रकल्पाचं शीर्षक फॉर्मशी अक्षरशः जुळतं का ते पाहा. कमिटीसमोर ‘ग्रामीण भागातील पक्षाघात’ असतं, फॉर्ममध्ये नंतर ते ‘ग्रामीण व निमशहरी’ झालेलं असतं, आणि दोन शब्दांपायी नवीन पत्र आणावं लागतं. कमिटीची पुढची बैठक दीड-दोन महिन्यांवर असेल तर काय होतं ते सांगायला नको.

दुसरी गल्लत वेळेची. मंजुरी अर्जाबरोबर हवी की निधी सुटण्यापूर्वी, हे प्रत्येक कॉल वेगळं सांगतो. काही जण मंजुरी नाही म्हणून अर्जच करत नाहीत, काही जण ‘नंतर देऊ’ म्हणून रिकामी जागा सोडतात. कॉलमधलं ते वाक्य शोधा, आणि नंतर चालत असेल तर निदान कमिटीकडे अर्ज दिल्याची पोच जोडा. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय या देशाच्या ट्रायल-नोंदवहीतली नोंदणी पहिल्या सहभागी व्यक्तीची भरती होण्याआधी लागते. ती विनामूल्य आहे, पण 1 एप्रिल 2018 पासून भरतीनंतरची नोंदणी स्वीकारत नाहीत.

प्राणी वापरणार असाल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची, जनुकीय फेरफार असेल तर जैवसुरक्षा समितीची आणि मूळपेशी असतील तर त्यांच्या वेगळ्या समितीची मंजुरी. परदेशी सहकारी किंवा परदेशी पैसा असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी आयसीएमआरमार्फत मागावी लागते. नमुने बाहेर पाठवायचे असतील तर हे आधी पाहा. मानवी मेंदूच्या ऊती हव्या असतील तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्थेत 1995 पासून ब्रेन बँक (मेंदूच्या ऊतींचा साठा) आहे. तिथून ऊती मिळतील असं नुसतं लिहू नका, त्यांचं पत्र जोडा.

चाचण्यांचे हक्क आणि स्कॅनरची वेळ

या दोन गोष्टी कुठल्याच कागदपत्रांच्या यादीत ठळक नसतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

एमएमएसई ही स्मरणशक्तीची चाचणी सगळे वर्षानुवर्षं झेरॉक्स काढून वापरत आले. पण तिचे हक्क एका प्रकाशकाकडे आहेत आणि वापरासाठी पैसे पडतात. एमओसीए ही तशीच दुसरी चाचणी वापरायची तर प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं. प्रस्तावात चाचणीचं नाव आहे आणि परवान्याचा खर्च कुठेच नाही, हे तज्ज्ञ परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं. मराठी रुग्णांसाठी प्रश्न आणखी पुढे जातो. आयसीएमआरने स्वतः तयार केलेला न्यूरो कॉग्निटिव्ह टूल बॉक्स हा चाचण्यांचा संच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांमध्ये तपासला गेला. त्यांत मराठी नाही. मराठीत चाचणी वापरणार असाल तर ती मराठीत प्रमाणित कशी झाली, किंवा तुम्ही कशी करणार, हे लिहावंच लागेल. शाळेत न गेलेल्या रुग्णाला शंभरातून सात-सात वजा करायला सांगून त्याला विसराळू ठरवणारा अभ्यास कुणीही मंजूर करू नये, आणि करतही नाहीत.

स्कॅनरचंही तसंच. एमआरआय आमच्याकडे आहे, असं लिहून भागत नाही, तो दिवसभर रुग्णांमध्ये गुंतलेला असतो. आठवड्यातले किती तास संशोधनासाठी देणार, याचं रेडिओलॉजी विभागाच्या प्रमुखाचं सहीचं पत्र घ्या. निरोगी स्वयंसेवकाच्या स्कॅनमध्ये अचानक गाठ दिसली तर त्याला कोण सांगणार आणि पुढचे उपचार कुठे होणार, तेही लिहा. एथिक्स कमिटी हा प्रश्न विचारतेच.

बजेट आणि तारखा

मनुष्यबळाचे दर मनाने टाकू नका. डीएसटीच्या दरांनुसार 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलो) महिना 37,000 आणि एसआरएफला (वरिष्ठ फेलो) 42,000 रुपये, वर घरभाडे भत्ता. आयसीएमआरची पदनामं आणि दर वेगळे आहेत, तिथे जेआरएफ लिहिलंत तर सुधारणा मागतात. प्रवासखर्चात रुग्णाबरोबर येणाऱ्या माणसालाही धरा. पक्षाघाताचा रुग्ण एकटा येत नाही, आणि सोबत येणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. ही तरतूद नसली की दुसऱ्या भेटीला निम्मे रुग्ण येईनासे होतात आणि आकडेवारीचा पायाच खचतो.

शेवटच्या तारखेबरोबर वेळही लिहिलेली असते. संध्याकाळी पाच म्हणजे पाच, मध्यरात्र नव्हे. काही योजनांमध्ये ऑनलाइन अर्ज एका तारखेला आणि छापील प्रत त्यानंतरच्या तारखेपर्यंत पोहोचायला हवी असते. ‘पोहोचायला’ म्हणजे त्यांच्या हातात, स्पीडपोस्टची पावती चालत नाही. संक्षिप्त प्रस्तावाचा टप्पा असेल तर तो चुकल्यावर पूर्ण प्रस्ताव भरताच येत नाही. आणि संस्थेची अंतर्गत मुदत आधीची असते, कारण डीन दौऱ्यावर असतात. पोर्टल शेवटच्या दिवशी रखडतं हे सगळ्यांना माहीत असूनही कुणी ते दुरुस्त करत नाही, याचा राग येतो, पण त्याचा भुर्दंड अर्जदारालाच बसतो. दोन दिवस आधी सबमिट करा.

मंजुरीनंतर पहिल्याच आठवड्यात लेखा विभागात जाऊन बसा. जीएफआर 2017, म्हणजे केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामी खर्च झाल्याचा दाखला) फॉर्म 12-ए मध्ये द्यावं लागतं, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत. खात्यात साचलेलं व्याज सरकारचं असतं, ते परत करावं लागतं. पुढचा हप्ता या प्रमाणपत्राशिवाय निघत नाही. ते लेखा विभागात पडून राहिलं तर प्रकल्पातल्या मुलांचा पगार थांबतो, तेव्हा मार्च उलटला की पाठपुरावा तुम्हीच करा.