स्किझोफ्रेनिया म्हणजे 'एका माणसात दोन माणसं' नाही हो

कुणी सकाळी गोड बोललं आणि संध्याकाळी चिडलं की लोक लगेच म्हणतात, "स्किझोफ्रेनिक आहे तो, डबल पर्सनॅलिटी." हे साफ चुकीचं आहे, आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना ते फार लागतं.

घोळ नावापासूनच आहे. 1908 मध्ये ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी हा शब्द आणला, ग्रीकमध्ये अर्थ होतो 'फाटलेलं मन', आपल्याकडे त्याचं छिन्नमनस्कता झालं. पण त्यांना म्हणायचं होतं की विचार, भावना आणि वागणं यांचा एकमेकांशी असलेला धागा सुटतो. एकाची दोन माणसं होतात असं नाही.

प्रत्यक्षात काय होतं? खोलीत कुणी नसताना स्पष्ट आवाज येतात, शेजारी आपल्यावर नजर ठेवतात अशी पक्की खात्री वाटते, मग माणूस खिडक्या लावून बसतो, आईने वाढलेलं ताट सरकवतो कारण त्यात काहीतरी घातलंय असं वाटतं, बोलता बोलता विषयच तुटतो, अंघोळ-मित्र सगळं सुटत जातं. माणूस तोच असतो, घाबरलेला.

वेगवेगळ्या ओळखी असणं हा वेगळाच आजार, पूर्वी त्याला मल्टिपल पर्सनॅलिटी म्हणायचे, 1994 पासून डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात.

जपानने तर 2002 मध्ये 'मन दुभंगण्याचा रोग' अशा अर्थाचं जुनं नावच बदलून टाकलं, कारण ते ऐकूनच पेशंट खचायचे. औषधं आहेत, खूप जण सावरतात, नोकरी-संसार करतात. तेव्हा मूडी माणसाला मूडीच म्हणा ना.