चरात मावतं किती, मुरतं किती

पावसाळा तोंडावर आला की नाशिकमध्ये बंगल्यांच्या आवारात चर खणायची लगबग सुरू होते. गच्चीचं पाणी चरात सोडायचं, चर खडीने भरायचा, पाणी जमिनीत जाईल. काम चांगलंच आहे. पण "हा चर किती पाण्याचा?" असं विचारलं की मिस्त्री लांबी, रुंदी, खोली गुणून आकडा सांगतो आणि घरमालक तेवढं पाणी रोज जमिनीत जाणार असं धरून चालतो. चरात एका वेळी मावणारं पाणी वेगळं आणि तासाभरात जमिनीत मुरणारं पाणी वेगळं. ही गल्लत चांगल्या चांगल्या चरांना नडते.

आधी मावण्याचं बघू. २५ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट खोल चर म्हणजे १०० घनफूट, बरोबर एक ब्रास. रिकाम्या चरात २८३० लिटर पाणी बसेल. पण त्यात ब्रासभर खडी पडली की पाण्याच्या वाट्याला उरते ती खड्यांमधली पोकळी. एकसारख्या आकाराच्या, धुतलेल्या खडीत ती साधारण ३५ ते ४० टक्के असते. म्हणजे हाती आले १००० ते ११०० लिटर.

मोठे दगड टाकले की जागा जास्त राहते, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. सगळी खडी ४० मिलिमीटरची असो की सगळी २० ची, पोकळीचा वाटा जवळपास तेवढाच राहतो. जागा खाल्ली जाते ती मिसळीने: मोठ्या खड्यांच्या फटीत बारीक कच जाऊन बसते. ट्रकमधून उतरलेली खडी न धुता ओतली तर हेच होतं. खात्री करायची तर २० लिटरची बादली त्याच खडीने काठोकाठ भरा, खडी ओली करून निथळू द्या आणि मापाने पाणी ओता. ८ लिटरला पाणी काठाला आलं तर पोकळी ४० टक्के. ५ लिटरलाच आलं तर खडी परत धुवायला हवी.

चर उतारावर असेल तर आणखी घट धरा. २५ फुटांत जमीन फूटभर उतरत असेल आणि तळही तसाच उतरता ठेवला असेल, तर खालच्या टोकाला पाणी बाहेर पडू लागतं तेव्हा वरच्या टोकाला निम्माच चर भरलेला असतो. पाव साठा तिथेच गेला.

आता मुरण्याचं. इथे खडीचा संबंध नाही, खालची जमीन काय आहे ते महत्त्वाचं. समजा मोकळ्या मुरमात तासाला २५ मिलिमीटर पाणी उतरतं. वरच्या चराचा तळ ५० चौरस फुटांचा, म्हणजे तासाला ११५ लिटरच्या आसपास. बाजूंनी मुरतं ते वेगळं. काळ्या मातीत हाच वेग २ मिलिमीटरवर आला तर तासाला जेमतेम ९ लिटर. भरलेला चर मुरमात दहा तासांच्या आत रिकामा होतो, काळ्या मातीत पाच दिवस तुंबून राहतो. मावणं मात्र दोन्हीकडे तेवढंच!

वेग मोजायला चराच्या खोलीवर छोटा खड्डा घ्या, पाणी भरा आणि तासाभरात पाणी किती खाली गेलं ते पट्टीने मोजा. पण पहिल्या भरण्याचा आकडा धरू नका. मे महिन्यात काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात, पाणी गटागटा आत जातं. दोन पावसांत माती फुगते, भेगा मिटतात आणि तोच खड्डा दिवसभर भरलेला दिसतो. म्हणून आदल्या दिवशी खड्डा भिजत ठेवून मगच मोजावं.

दोन्हींपैकी कशाकडे जास्त बघायचं, ते पाऊस ठरवतो. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला की उडणारं-सांडणारं वजा जाता २००० लिटरच्या आसपास पाणी येतं. वळवाच्या सरीत हे तासाभरात आलं तर चराच्या जवळपास दुप्पट पाणी होतं, मुरायला सवड नसते आणि साठाच कामी येतो. तेवढाच पाऊस श्रावणातल्या रिपरिपीत चोवीस तासांत पडला तर तासाला ८०-८५ लिटर. मुरमातला चर ते येईल तसं पचवतो, काळ्या मातीतला संध्याकाळपर्यंत भरून वाहू लागतो.

म्हणून काळ्या मातीत चर लांबवत नेण्याआधी, खाली मुरूम किती फुटांवर लागतो ते एका जागी खणून बघा. चार-पाच फुटांवर लागत असेल तर लांबी कमी करून खोली वाढवा, चर घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब घ्या आणि जादा पाण्याला वरून पाइप काढून द्या.