ओघम लिपी

ओघम लिपी : प्राचीन आयरिश भाषेची रेषालिपी. आयर्लंडमधील सर्वांत जुने ज्ञात लेख याच लिपीत आहेत. दगडांवर कोरलेले सु. 400 लेख उपलब्ध असून त्यांपैकी बहुतेक दक्षिण आयर्लंडमधील केरी, कॉर्क आणि वॉटरफर्ड या परगण्यांत सापडले. उरलेले वेल्स, कॉर्नवॉल, डेव्हन, आइल ऑफ मॅन व स्कॉटलंड येथे विखुरलेले आहेत. या शिलालेखांचा काळ सामान्यतः इ. स. चौथ्या शतकाच्या अखेरीपासून सातव्या शतकापर्यंत धरतात. शब्दान्तीचे प्रत्यय झिजत गेल्याच्या खुणांवरून लेखांचा पूर्वापर क्रम लावता येतो. निश्चित सन मात्र क्वचितच सांगता येतो.

मूळ वर्णमालेत 20 अक्षरे असून ती पाच-पाचांच्या चार गटांत मांडलेली आहेत. उभ्या दगडाची धार हीच आधाररेषा. तिच्या उजवीकडे एक ते पाच रेघा हा पहिला गट (ब, ल, व, स, न), डावीकडे तितक्याच रेघा हा दुसरा, धारेला तिरप्या छेदणाऱ्या रेघा हा तिसरा आणि धारेवरच्या खाचा म्हणजे पाच स्वर. लेख सहसा खालून वर वाचतात. गट पाच-पाचांचे असले, तरी देवनागरीतील वर्गांप्रमाणे त्यांमागे उच्चारस्थानाचे तत्त्व दिसत नाही. तिसऱ्या गटातील काही अक्षरांची मूळ ध्वनिमूल्ये वादग्रस्त आहेत. मध्ययुगीन हस्तलिखितांतील त्यांची मूल्ये उत्तरकालीन पंडितांनी ठरवली असावीत.

लिपीच्या उगमाविषयी एकमत नाही. मध्ययुगीन आयरिश परंपरा तिचे जनकत्व ओग्मा या पुराणपुरुषाला देते. आयरिश पुरातत्त्वज्ञ मॅकॅलिस्टर यांनी ती द्रुइद या प्राचीन केल्टिक पुरोहितांची हस्तसंकेतांवर आधारलेली गुप्तभाषा असल्याचे सुचवले आणि तिचा संबंध ख्रिस्तपूर्व काळातील उत्तर इटलीतील ग्रीक वर्णमालेशी जोडला. इतक्या जुन्या काळातील एकही ओघम लेख हाती नसल्याने हे मत आज जवळजवळ सोडून दिलेले आहे. जर्मानिक लोकांच्या जुन्या रून लिपीपासून ती निघाली, हे मतही मागे पडले. लॅटिन वर्णमालेचा आधार मानणारा पक्ष अधिक सबळ दिसतो. तत्कालीन आयरिश भाषेत ऱ्हस्व-दीर्घ स्वरांचा भेद अर्थभेदक होता, तरी ओघममध्ये लॅटिनप्रमाणेच पाच स्वरचिन्हे असून तो भेद दाखवलेला नाही. स्वर आणि व्यंजने वेगळी काढण्याची पद्धत रोमन व्याकरणकारांकडून आली असावी, असेही म्हणतात. रेघांचे रूप मात्र लाकडावर खाचा पाडून हिशेब ठेवण्याच्या रीतीतून आले असणे शक्य आहे. या दोन मतांत विरोध मानण्याचे कारण नाही : एक वर्णांच्या निवडीबद्दल आहे, दुसरे चिन्हांच्या आकाराबद्दल. ब्रिटनमधील लॅटिन जाणणाऱ्यांना वाचता येऊ नये म्हणून ही लिपी मुद्दाम रचली, हे आयरिश अभ्यासक कार्नी यांचे मत आकर्षक आहे. पण पुढे ओघम व लॅटिन या दोन्ही लिप्या एकाच दगडावर शेजारी कोराव्यात, याचा मेळ त्याच्याशी बसत नाही.

लॅटिन जाणणारा आयरिश माणूस चौथ्या शतकात कोठून आला, हा प्रश्न आयर्लंडच्या शेजारसंबंधांकडे नेतो. रोमने आयर्लंड कधी जिंकले नाही. एका लिजनने (रोमन सैन्यदलाने) व थोड्या साहाय्यक सैन्याने ते बेट जिंकता येईल असे ब्रिटनचा रोमन सुभेदार अग्रिकोला म्हणे, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवले आहे. स्वारी झाली नाही. व्यापार, भाडोत्री सैनिकी आणि लूटमार यांतून संपर्क मात्र दाट होता. उत्तर आयर्लंडमधील बॅलिनरीस येथे 1854 मध्ये सापडलेला रोमन चांदीचा साठा त्याचीच साक्ष देतो. ती लूट की मोबदला, याविषयी मतभेद आहेत. 431 मध्ये पोपने पॅलेडियस या बिशपला पाठवले, ते ‘ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या आयरिशां’कडे, म्हणजे ख्रिस्ती वस्ती त्याआधीच होती.

नैर्ऋत्य वेल्समध्ये आयरिश वसाहती होत्या. वॉटरफर्ड भागातील देशी या लोकसमूहाचे तिकडे झालेले स्थलांतर आठव्या शतकातील एका आयरिश कथेत येते. वेल्समधील द्विभाषी (लॅटिन व आयरिश) दगड विशेष महत्त्वाचे आहेत. कास्तेल द्वीरनच्या दगडावर लॅटिनमध्ये ‘वोतेपोरिगिस’, तर ओघममध्ये ‘वोतेकोरिगास’ असे नाव आहे : तत्कालीन आयरिशमध्ये ‘प’ ध्वनी नसल्याने त्याच्या जागी ‘क’ आला. सहाव्या शतकातील ब्रिटिश धर्मलेखक गिल्डासने निंदा केलेला राजा वोर्तिपोर तो हाच, ही जुनी ओळख आता संशयास्पद ठरली आहे. सेंट डॉगमेल्सच्या द्विभाषी दगडाने हस्तलिखितांतील ओघम-किल्लीची (चिन्हांच्या ध्वनिमूल्यांच्या यादीची) एकोणिसाव्या शतकात खातरजमा झाली. पूर्वेस दूर, हॅम्पशरमधील सिल्चेस्टर या रोमन नगरातही 1893 मध्ये एका विहिरीत ओघम लेख सापडला.

लेखांचा मजकूर बहुधा षष्ठी विभक्तीतील नावांपुरता असतो : अमक्याचा, अमक्याच्या पुत्राचा, अमक्या कुळातला. ते स्मारके होते की जमिनीच्या मालकीच्या खुणा, याचा निर्णय झालेला नाही. दोन्ही उपयोग असावेत. अक्षरांना झाडांची नावे आहेत हा समज अंशतः खरा आहे. बर्च, आल्डर, ओक, हेझल ही नावे जुनी, बाकीची बरीचशी ओढूनताणून झाडांशी जोडलेली.

शिलालेखांची प्रथा मागे पडल्यावरही पंडितांनी लिपी जपली. बॅलीमोटच्या ग्रंथात या आयरिश हस्तलिखितात (सु. 1390) तिचे अनेक प्रकार दिले आहेत. स्वित्झर्लंडमधील सेंट गालन येथील नवव्या शतकातील व्याकरणाच्या पोथीत नकलाकाराने पानाच्या समासात ओघममध्ये आपल्या मद्यपानोत्तर अवस्थेची नोंद केली आहे. आयर्लंडमधील किलालू येथील दगडावर रून आणि ओघम दोन्ही असून त्यात थोरग्रिम या नॉर्स (स्कँडिनेव्हियन) नावाच्या माणसासाठी आशीर्वाद मागितला आहे. स्कॉटलंडमधील पिक्ट या प्राचीन लोकांच्या प्रदेशातील बरेच लेख समाधानकारकपणे वाचले गेलेले नाहीत. शेटलंडमधील ब्रेसे येथील लेखात ‘मुलगी’ या अर्थाचा नॉर्स आणि ‘मुलगा’ या अर्थाचा आयरिश शब्द असल्याचे मानतात.