गुडघ्याच्या झिजेवरील शस्त्रक्रिया : पर्यायांची तुलना

व्यायाम, वजनावर ताबा, गोळ्या आणि इंजेक्शने यांनी भागेनासे झाले की गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, शस्त्रक्रियेचा विचार होतो. बोलीभाषेत या सगळ्याला सरसकट ‘वाट्या बदलणे’ म्हणतात. गंमत अशी की खरी वाटी, म्हणजे गुडघ्यावरचे गोल हाड, सांधा बदलतानाही पुष्कळदा मूळचीच ठेवतात.

गुडघ्याचे तीन कप्पे असतात : आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. आपल्याकडे बहुतेकांचा आतला कप्पा आधी झिजतो. मग पाय धनुष्यासारखा वाकतो आणि वाकल्यामुळे त्याच कप्प्यावर आणखी भार येतो. झोपवून काढलेल्या एक्स-रेत जिथे फट दिसते, तिथे उभे करून काढलेल्या एक्स-रेत हाडाला हाड टेकलेले आढळते. म्हणून निर्णय उभ्याने काढलेल्या एक्स-रेवरच घ्यावा लागतो.

दुर्बिणीतून सांधा धुऊन साफ करणे हा सर्वांत छोटा आणि झिजेसाठी सर्वांत निरुपयोगी उपाय. अमेरिकेत ह्यूस्टन येथे झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १८० रुग्ण होते. त्यांतल्या काहींच्या त्वचेवर नुसते छेद घेऊन टाके घातले. दोन वर्षांनी खरी शस्त्रक्रिया झालेले त्यांच्यापेक्षा बरे नव्हते. चीनमधून आलेली, नडगीशेजारच्या बारीक हाडाचा तुकडा काढण्याची पद्धत स्वस्त असल्याने आपल्याकडेही काही काळ गाजली. तिच्यामागे दीर्घकालीन पुरावा तोकडा आहे.

सांधा वाचवणारी खरी शस्त्रक्रिया म्हणजे नडगीचे हाड कापून पाय सरळ करणे, अर्थात ऑस्टिओटॉमी. हाड आतल्या बाजूने तिरपे कापतात, पण बाहेरची कड तोडत नाहीत. ती बिजागरीसारखी राहते. कापलेली पाचरीसारखी फट हळूहळू उघडून भाररेषा, म्हणजे शरीराचे वजन पायातून खाली जाण्याची रेषा, बाहेरच्या, शाबूत कप्प्याकडे सरकवतात आणि प्लेट-स्क्रूने हाड पक्के करतात. साधारण साठीच्या आतला, अंगमेहनतीचे काम करणारा आणि फक्त आतला कप्पा झिजलेला रुग्ण यासाठी योग्य. हाड जुळेपर्यंत कुबड्या वापराव्या लागतात, आणि धूम्रपान करणाऱ्यांचे हाड उशिरा जुळते. मोबदल्यात स्वतःचा सांधा राहतो. पुढे गरज पडल्यास तो बदलताही येतो.

झीज एकाच कप्प्यात असून अस्थिबंध (हाडांना जोडून ठेवणारे लिगामेंट) शाबूत असतील, तर अर्धा सांधा बदलता येतो. छेद लहान, चालणे लवकर आणि गुडघा ‘आपलाच’ वाटण्याचे प्रमाण जास्त. ब्रिटनमधील ५२८ रुग्णांच्या ‘टॉपकॅट’ चाचणीत पाच वर्षांनी अर्धा आणि पूर्ण सांधा बदललेल्यांच्या गुडघ्यांत फारसा फरक नव्हता, खर्च मात्र अर्ध्याचा कमी होता. दूर पल्ल्यात चित्र पालटते. सांधारोपणांच्या राष्ट्रीय नोंदवह्यांच्या २०१९ मधील एकत्रित विश्लेषणानुसार २५ वर्षे टिकणारे पूर्ण सांधे सुमारे ८२ टक्के, तर अर्धे सुमारे ७० टक्के आहेत. यात एक मेख आहे : अर्ध्याचा पूर्ण करणे सोपे असल्याने दुखरा अर्धा सांधा बदलायला सर्जन लवकर तयार होतात.

झीज सर्वत्र पसरली असेल, तर पूर्ण सांधारोपण. मांडी आणि नडगी यांच्या हाडांची टोके काही मिलिमीटर कापून त्यांवर धातूच्या टोप्या आणि मध्ये पॉलिएथिलीन या प्लास्टिकची चकती बसवतात. दुखणे घालवण्यात याचा हात धरणारे दुसरे काही नाही. तरीही शंभरातले दहा ते वीस जण समाधानी नसतात, आणि जंतुसंसर्ग झाला तर महिनोन् महिने जातात. ‘मांडी घालता येईल का?’ हा ओपीडीत हमखास विचारला जाणारा प्रश्न. गुडघा साधारण ११० ते १२० अंश वाकतो. खुर्ची आणि जिना यांना तेवढे पुरते, उकिडवे बसायला नाही. शेतात खुरपणी करणाऱ्या बाईसाठी हा फरक एक्स-रेपेक्षा मोठा ठरू शकतो, आणि तो शस्त्रक्रियेआधी बोलून घ्यायला हवा.

भारतात राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा आणली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्यासाठी ती तेव्हा जीएसटी वगळून ५४,७२० रुपये ठरली. मर्यादा सांध्यावर आहे. खोलीभाडे, भूल आणि सर्जनचे शुल्क तिच्याबाहेर राहते.