दोरी कधी ओढायची?

बुधवारी आणि शुक्रवारी पळायचं राहिलं की मी रविवारी एका दमात चौदा किलोमीटर पळून हिशेब पुरा करायचो. तीन महिन्यांत डावा गुडघा जिना उतरताना कळ मारायला लागला. चाकणच्या कारखान्यात मी क्वालिटीचं काम करतो. मशीनवर असा भार कुणी टाकला असता, तर मी तिथल्या तिथे थांबवलं असतं.

टोयोटाच्या कामाच्या पद्धतीत तीन जपानी शब्द जोडीनं येतात. मुदा म्हणजे वाया जाणं, मुरा म्हणजे कामाचा चढउतार आणि मुरी म्हणजे झेपेल त्याहून जास्त भार. कायझेन, म्हणजे थोडी थोडी पण सतत सुधारणा, स्वतःवर आजमावताना आपण बहुतेक जण फक्त मुदा उचलतो. डबा खाता खाता मेल बघायचे, झोपेतला अर्धा तास काढून व्यायामाला द्यायचा. रिकामा दिसेल तो वेळ भरून टाकायचा. इथेच गफलत होते, कारण शरीराच्या दृष्टीनं विश्रांती वाया जात नाही. व्यायाम स्नायूंना फक्त निरोप देतो; खरं बांधकाम नंतर, खाण्यापिण्यातून आणि झोपेत होतं.

त्यातही सगळे भाग एका वेगानं सुधारत नाहीत. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत वाढीव कामाला सरावतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेचा रक्तपुरवठा मात्र बेताचा असतो आणि तिच्यातलं कोलॅजेन हे प्रथिन फार सावकाश बदलतं. म्हणून दम लागत नाही, पण गुडघा दुखतो. छातीनं दिलेली परवानगी कंडरेला लागू होत नाही.

कारखान्यात दोष सापडला की आम्ही पाच वेळा ‘का?’ विचारतो. गुडघा का दुखतो? रविवारी एकदम जास्त पळतो म्हणून. रविवारीच का? मधल्या दिवशी जमत नाही. का जमत नाही? सकाळी जाग येत नाही. का? रात्री साडेदहानंतर झोप. ती का? मंगळवारी आणि गुरुवारी परदेशी ग्राहकाचा रात्रीचा कॉल असतो. मी तोवर बुटांची दोन दुकानं पालथी घातली होती.

‘बर्नआउट’ही असंच मुळाशी जाऊन बघायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली, ती आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा दीर्घ ताण नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी अवस्था म्हणून. त्याच्या तीन खुणा: अंगातलं त्राण संपणं, कामावरून मन उडणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. मला तिसरी खूण सर्वांत घातक वाटते, कारण तिच्यामुळे माणूस स्वतःवरच आणखी भार टाकतो.

मग थांबायचं कधी, हे ओळखायला माझ्याच धंद्यातली एक जुनी युक्ती कामी आली. अमेरिकेत टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख, म्हणजे मोजमापाची नेहमीची वरची-खालची मर्यादा दाखवणारा तक्ता, मांडला. कुठल्याही मोजमापात रोजचं थोडं वरखाली असतंच. त्यामागे धावू नये. मर्यादा ओलांडली तरच कारण शोधावं.

मी वीस दिवस सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मिनिटभर नाडी मोजून वहीत लिहिली. सरासरी ६४ आली. लागोपाठच्या दोन दिवसांतला फरक सरासरी २.३ होता. त्याला या आलेखासाठी ठरलेल्या २.६६ या आकड्यानं गुणलं की साधारण ६; सरासरीच्या खाली आणि वर तेवढी मर्यादा. म्हणजे ५८ ते ७० हा माझा नेहमीचा पट्टा. ६७ आली म्हणून घाबरायचं नाही, ६० आली म्हणून हुरळून जायचं नाही. ७० च्या वर गेली तर काहीतरी वेगळं घडतंय: ताप, अपुरी झोप, जास्तीचा व्यायाम किंवा कामाचा ताण. अशी चढलेली नाडी दोन-तीन दिवसांत उतरली नाही, तर डॉक्टरांकडेच जावं.

एका गुरुवारी ७३ आली, शुक्रवारी ७४. त्या दिवशी पळायला गेलो नाही आणि वही घेऊन साहेबांकडे गेलो.

टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर एक दोरी (काही ठिकाणी आता बटण) असते. कामगाराला काही बिनसलेलं दिसलं की तो ती ओढतो. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो. गाडी त्या टप्प्याच्या शेवटच्या खुणेपर्यंत पोचायच्या आत अडचण सुटली नाही, तर लाइन थांबते. दोरी ओढणाऱ्याला दोष द्यायचा नाही, हा त्या व्यवस्थेचा प्राण आहे. थकलेल्या माणसाला प्राणायामाचं ॲप हातात देऊन कामाचा बोजा तसाच ठेवणं म्हणजे दोरी टांगायची आणि दिव्याकडे बघायला कुणी ठेवायचंच नाही. याची मला मनापासून चीड येते.

साहेबांनी वही नीट पाहिली. मंगळवारचा कॉल आता संध्याकाळी सहाला असतो आणि बुधवारी सकाळी मी चार किलोमीटर पळतो. गुरुवारचा कॉल अजून रात्रीच आहे. त्यासाठी पुढच्या वीस सकाळींचे आकडे भरतो आहे.